कापडी पॅराशूट विंग्ज: ओळख पटवण्याच्या कामाच्या नोंदी

४ जानेवारी

एका जुन्या संग्राहकाच्या घरून आलेला अल्बम आणि पत्र्याचा डबा आज उघडला. आत सगळा कापडी माल आहे. छत्रीधारी सैनिकांच्या विंग्ज (पॅराशूट प्रशिक्षण घेतल्याचे पंखांच्या आकाराचे बॅज) जास्त, त्यांच्यासोबत ग्लायडर पायलटांचे पंख, टोपीवरचे पॅच, डिव्हिजनची चिन्हं असं बरंच काही. बहुतेक भरतकामाचे, काही विणलेले, थोडे जरीचे, दोन-चार छापील. अल्बममध्ये प्रत्येकाखाली पेन्सिलीनं देश आणि साल लिहिलंय. ‘नॉर्मंडी’ आणि ‘आर्नहेम’ ही दुसऱ्या महायुद्धातल्या गाजलेल्या छत्रीधारी मोहिमांची नावं जरा जास्तच वेळा येतात.

धातूच्या बॅजला निदान शिक्का तरी असतो. फ्रेंच ब्रेव्हेच्या, म्हणजे धातूच्या छत्रीधारी बॅजच्या, मागे तर क्रमांकच कोरलेला असतो. कापडाला सहसा यातलं काहीच नसतं, म्हणून कापडी विंग्जभोवती गोष्टी फार लवकर जमा होतात. नोंदवहीत पहिल्या दिवसापासून दोन रकाने वेगळे ठेवले: ‘दिसलेलं’ आणि ‘सांगितलेलं’. पेन्सिलीचा सगळा मजकूर दुसऱ्या रकान्यात गेला. पहिल्या रकान्यात कापड, दोरा, टाका, कड, मागची बाजू, माप आणि शिवणीच्या खुणा एवढंच.

७ जानेवारी

देशानुसार ढीग लावायला घेतलं होतं, ते सोडून दिलं. दिवस गेला आणि हाती काही लागलं नाही.

अडचण अशी, की या विंग्जची घराणी आहेत. १९४० च्या अखेरीस ब्रिटिशांनी खाकी कापडावर पांढरी छत्री आणि दोन्ही बाजूंना फिकट निळे पंख अशी रचना आणली, आणि ती राष्ट्रकुलातल्या अनेक सैन्यांनी थोड्याफार फरकानं उचलली. आपली ५० वी पॅराशूट ब्रिगेड ऑक्टोबर १९४१ मध्ये उभी राहिली ती ब्रिटिश भारतीय सैन्यातच, त्यामुळे भारतीय विंग्जही याच कुळातल्या. ईजिप्तमध्ये १९४१ साली एसएएस या ब्रिटिश विशेष दलानं घेतलेले सरळसोट पंख हे दुसरं कुळ. रचना त्याच दलातले अधिकारी जॉक लुइस यांची मानली जाते, रंग गडद आणि फिकट निळा. बेल्जियमच्या विंग्ज त्याच वळणाच्या आहेत. नुसतं चित्र पाहून देश ठरवायला गेलं की पन्नास टक्के ढीग ‘बहुधा ब्रिटिश’ होऊन बसतो.

आता ढीग बनावटीनुसार लावलेत: मशीनचं भरतकाम, हातानं फिरवलेल्या मशीनचं (सुईखाली कापड हातानं सरकवत केलेलं) भरतकाम, विणकाम, जर, छपाई. देश नंतर बघू.

१० जानेवारी

मावशी येऊन गेली. तिनं उभं आयुष्य मशीनवर भरतकाम केलंय. सैन्यातलं तिला काही ठाऊक नाही, आणि या कामाला तेच बरं होतं. तिनं एकही बॅज सुलटा पाहिला नाही. हातात घेतला की आधी पालथा करायची.

व्हिएतनाम युद्धातल्या म्हणून ठेवलेल्या दोन अमेरिकन विंग्ज होत्या, हिरव्या कापडावर काळ्या दोऱ्याच्या. समोरून जवळपास सारख्या. पहिलीच्या मागे बघून ती म्हणाली, “हे हातानं फिरवलंय. बघ, डाव्या पंखाला टाके दाट पडलेत, उजव्याला विरळ. आणि इथून तिथं जाताना दोरा न कापता तसाच ओढून नेलाय.” दुसरीच्या मागे पांढरा बॉबिनचा दोरा, प्रत्येक पिसाच्या मधोमध एकसारख्या रुंदीची पट्टी, आणि न विणलेल्या कागदासारख्या अस्तराचे कडेला फाडलेले तुकडे. “हे कॉम्प्युटरचं. अस्तर लावून काढलंय, मग फाडलंय.”

भिंगातून पाहिलं तर दुसरीत पिसाच्या वरच्या टाक्यांखाली आडव्या टाक्यांचा एक थर आहे. भराव बसावा म्हणून संगणकाचा आराखडा तो थर आधी घालतो. दोन्ही पंख एकमेकांची आरशातली प्रतिमा, टाक्याला टाका. हातानं फिरवलेल्या मशीनवर ते होत नाही.

मात्र यानं पहिली विंग आपोआप साठच्या दशकातली ठरत नाही. हातानं फिरवायची मशीनं आजही चालतात आणि त्यांवर नकला निघतात. मावशीच्या तपासणीनं दुसरीचा दावा मोडला, पहिलीचा सिद्ध झाला नाही. नोंदवहीत तसंच लिहिलं.

१४ जानेवारी

आज एक नियम पक्का केला, आणि पुढची सगळी तपासणी त्यावरच चालेल: कापडी बॅज जुना आहे हे सिद्ध करता येत नाही. तो अमुक सालाच्या आधीचा असूच शकत नाही, एवढंच दाखवता येतं. त्यातला सगळ्यात नवा मूळ घटक त्याचं वय ठरवतो. त्यामुळे नोंदवहीत ‘साल’ हा रकाना खोडून ‘याच्या आधीचा नाही’ असा केला.

सगळ्यात सोपा पुरावा रचनेतच सापडतो. अमेरिकन पॅराशूट बॅज लष्करी अधिकारी विल्यम यारबरो यांनी आखला आणि मार्च १९४१ मध्ये मंजूर झाला. छत्रीवर तारा असलेला सीनिअर आणि ताऱ्याभोवती पानांचं कडं असलेला मास्टर, या दोन पायऱ्या मंजूर झाल्या १९४९ मध्ये आणि नियमांत आल्या जानेवारी १९५० मध्ये. अल्बममध्ये ‘नॉर्मंडी १९४४’ लिहिलेली एक सुंदर मास्टर विंग आहे, खाकीवर पांढऱ्या दोऱ्यात. दोरा, कापड, टाका काही तपासायची गरजच नाही. ते कडं १९४४ मध्ये अस्तित्वात नव्हतं.

इथे एक घोटाळा टाळायचा. लढाईतल्या उडीसाठी अमेरिकन विंग्जवर बारीक तारे लागतात, ते वेगळे. ते छत्रीच्या दोऱ्यांवर किंवा पंखांवर बसतात. सीनिअरचा तारा छत्रीच्या डोक्यावर असतो. ताऱ्याची जागा बघितल्याशिवाय तारखेवर बोलू नये.

१५ जानेवारी

कापडाचा कॅमोफ्लाज छापा हा तसाच पक्का पुरावा. वूडलँड छापा अमेरिकन गणवेशात १९८१ पासून, राखाडी चौकटींचा डिजिटल छापा २००४-०५ पासून, ओसीपी (ऑपरेशनल कॅमोफ्लाज पॅटर्न) २०१५ पासून. ब्रिटिशांचा एमटीपी (मल्टी-टेरेन पॅटर्न) २०१० पासून. हा ढीग तासाभरात संपला.

१९ जानेवारी

मुकुटाचं चिन्ह बघून साल ठरवायची युक्ती वापरून पाहिली. ब्रिटिश बिल्ल्यांवर राजाच्या काळात एका घडणीचा मुकुट आणि १९५२ नंतर राणीच्या काळात दुसऱ्या घडणीचा, त्यामुळे इतर ब्रिटिश बॅजसाठी ही युक्ती उत्तम चालते. ब्रिटिश पॅराशूट विंग्जवर मुकुटच नाही, त्यामुळे मुख्य ढिगाला तिचा उपयोग शून्य. पण त्यातून वेगळाच फायदा झाला. मुकुट आणि त्यावर उभा सिंह असलेले जे तीन-चार निळे पंख ढिगात होते, ते छत्रीधारी सैनिकांचे नव्हेतच. ते १९४२ च्या आर्मी फ्लाइंग बॅजच्या घडणीचे, ग्लायडर पायलटांनी लावलेले. अल्बममध्ये ते ‘पॅरा’ म्हणून चिकटवलेत. वेगळे काढले.

त्याच ढिगात पंख नसलेली नुसती पांढरी छत्री सापडली. हा अर्धवट राहिलेला बॅज नाही. प्रशिक्षण पूर्ण झालंय पण पॅराशूट युनिटमध्ये नेमणूक नाही, अशांचा तो बॅज. बाहीवर खालच्या बाजूला लागतो, आणि त्याच्या आकारामुळे त्याला सरळ ‘बल्ब’ म्हणतात. चित्र बघा, लगेच पटेल.

२३ जानेवारी

अतिनील दिवा. यात वेळही गेला आणि पैसेही.

कल्पना सरळ आहे. कापड आणि दोरा जास्त पांढरा दिसावा म्हणून घातली जाणारी रसायनं महायुद्धानंतर सर्रास वापरात आली. अतिनील प्रकाशात ती निळसर पांढरी झगझगतात. युद्धकाळातला म्हणवणारा बॅज झगझगला तर शंका घ्यायची.

स्वस्त दिवा ३९५ नॅनोमीटरचा निघाला. त्यातून एवढा जांभळा उजेड येतो, की प्रत्येक पांढरी छत्री चमकल्यासारखीच दिसते. त्या दिव्यावरचे सगळे निकाल रद्द केले. ३६५ नॅनोमीटरचा, समोर काळी काच असलेला दिवा घेतल्यावर चित्र स्वच्छ झालं. खोलीत पूर्ण अंधार करा आणि शेजारी एक नवा पांढरा कागद ठेवा. तो झळाळतोच, त्यामुळे तुलनेला सोय होते.

तरी हा पुरावा एकट्यानं चालत नाही. एक खाकी ब्रिटिश विंग पूर्ण झगझगली, अगदी मागचं लोकरी कापडसुद्धा, सगळीकडे एकसारखं. दोरा नवा असता तर दोराच चमकला असता, कापड अंधारं राहिलं असतं. हा बॅज नंतर कधीतरी धुलाईच्या पावडरीत धुतला गेलाय असा त्याचा अर्थ निघतो. दुसऱ्या एका विंगमध्ये उलट घडलं: खाकी अंधारं, पंख अंधारे, आणि फक्त छत्रीचा पांढरा दोरा टिपूर चांदण्यासारखा. हिच्याबद्दल ‘सांगितलेलं’ रकान्यात आर्नहेम लिहिलंय. ‘याच्या आधीचा नाही’ रकान्यात ‘युद्धोत्तर’ लिहिलं.

आणि जो झगझगत नाही तो जुना, असंही नाही. अशी रसायनं नसलेला दोरा आजही मिळतो, आणि नकला करणाऱ्यांनाही या दिव्याची माहिती आहे.

२६ जानेवारी

दोरा जाळून पाहण्याची परीक्षा. मागच्या बाजूचा आधीच सुटलेला दोऱ्याचा तुकडाच घ्यायचा. तो नसेल तर परीक्षा करायची नाही. समोरून दोरा ओढायचा नाही, कितीही मोह झाला तरी.

लोकर केस जळाल्यासारखी वास मारते आणि राख चुरगळते. सुती आणि रेयॉन कागदासारखे जळतात, मागे हलकी राख. पॉलिएस्टर वितळतं, काळा धूर सोडतं आणि टोकाला कडक मणी बनतो. पॉलिएस्टरचा शोध १९४१ चा, पण तो दोरा बाजारात आला तो पन्नासच्या दशकात. तेव्हा मूळ भरतकामात पॉलिएस्टर सापडलं की युद्धकाळ बाद.

नायलॉनही वितळतं, आणि नायलॉन युद्धात होतं. छत्र्याच त्याच्या होत्या. त्यामुळे ‘वितळला, म्हणजे नवा’ असा निकाल लावू नका.

दुसरी गोष्ट, दोरा भरतकामाचा आहे की गणवेशावर शिवायला वापरलेला, हे आधी ठरवा. एका विंगच्या कडेला पॉलिएस्टरची टीप होती आणि मागे वेल्क्रो. भरतकाम मात्र सुती. कुणीतरी जुनी विंग नंतर नव्या जाकिटावर लावली असणार. वेल्क्रो नंतर जोडलेला असला तर त्यावरून बॅजचं वय निघत नाही.

३० जानेवारी

कडा. अमेरिकन पॅचमध्ये युद्धकाळात कड कापलेली असे: भरतकाम संपतं तिथं कापड थोडं बाहेर दिसतं. जाड, गोलाई आलेली, ओव्हरलॉकसारखी गुंफलेली मेरो कड साठच्या दशकापासून सरसकट दिसते. तिच्या मागे जिथं दोरा संपतो तिथं बहुधा एक छोटी शेपटी चिकटवलेली असते.

याच ढिगात टोपीवरचे गोल पॅच आले: पायदळाचे निळे, तोफखान्याचे लाल, मध्ये पांढरी छत्री. पुढे छत्री आणि ग्लायडर एकत्र असलेला पॅच आला. त्यात ग्लायडर डावीकडे बघतो की उजवीकडे हे जरूर टिपून ठेवा. शिपायांचा पॅच टोपीच्या डाव्या बाजूला आणि अधिकाऱ्यांचा उजव्या बाजूला, कारण अधिकाऱ्याच्या डाव्या बाजूला हुद्द्याचं चिन्ह असे. ग्लायडरचं नाक पुढे राहावं म्हणून दोन्ही पॅच एकमेकांच्या उलट. अल्बममध्ये यातल्या एकाला ‘चुकीची छपाई, दुर्मिळ’ असं लिहिलंय. तो अधिकाऱ्याचा आहे, चूक नाही.

अंडाकृती रंगीत तुकडेही निघाले, मध्ये काहीच भरतकाम नसलेले. ते अमेरिकन युनिटांचे, धातूच्या विंगमागे लावायचे. इस्रायलच्या विंग्जमागेही कापड असतं आणि तिथं त्याच्या रंगाला अर्थ आहे: १९५६ मध्ये सिनाईतल्या मितला खिंडीजवळ उडी घेतलेल्यांच्या विंगमागे लाल. असे तुकडे फेकू नका, कारण कधी कधी खरी माहिती धातूत नसून या कापडात असते.

३ फेब्रुवारी

चहात बुडवून जुने केलेले. तीन विंग्ज एकाच तपकिरी छटेच्या, तेव्हाच शंका आली.

खरा वापरलेला बॅज सगळीकडे सारखा मळत नाही. मळ बसतो तो उठावाच्या दोऱ्यांवर, छत्रीच्या माथ्यावर, पंखांच्या टोकांना. कडेचं कापड शिवताना आत दुमडलेलं असतं. ती दुमड उलगडली की आतली पट्टी मूळ रंगाची निघते, जणू कालच कापली. शिवणीची भोकं एका ओळीत दिसतात आणि भोकाभोवतीचा धागा किंचित दबलेला असतो. या तिघांत दुमडीच्या आतही तोच तपकिरी रंग, मागेही तोच, आणि भोक एकही नाही. एकीच्या कोपऱ्यावर ओला कापूस टेकवला तर तपकिरी डाग कापसावर उतरला.

वापर न झालेला कोरा बॅज खोटा असतो असं मात्र नाही. कोठारात पडून राहिलेला मालही पुष्कळ असतो. तो कोरा असेल तर कोराच दिसतो, कोरा आणि मळकट एकदम नसतो.

९ फेब्रुवारी

अल्बममधले गोंद लावून चिकटवलेले बॅज. हा भाग फार जिवावर आला.

वाफ देऊन सोडवता येईल असं वाटत होतं. आधी एका पेगॅससच्या चिन्हाच्या कोपऱ्यावर ओला कापूस लावून पाहिला. किरमिजी रंग लगेच कापसावर आला. पंखांच्या घोड्यावर बसलेला योद्धा, किरमिजीवर फिकट निळा: १९४२ साली एडवर्ड सीगो यांनी ब्रिटिश हवाई सैन्यासाठी आखलेलं हे चिन्ह. वाफ दिली असती तर तो किरमिजी निळ्यात उतरला असता आणि बॅज कायमचा गेला असता.

शेवटी अल्बमचं पानच बॅजच्या भोवतीनं कापलं. कागद मागे तसाच राहू दिला, वरचे थर पातळ सुरीनं हलके सोलले. मागची बाजू दिसत नाही म्हणून या बॅजना नोंदीत ‘मागून पाहिलेला नाही’ असा शेरा. त्या शेऱ्यासह त्यांची किंमत कमी होते, आणि व्हायलाच हवी. कुठलाही कापडी बॅज कधीही चिकटवू नका, ही विनंती.

१३ फेब्रुवारी

जरीचे बॅज. जरदोजी आणि कलाबतूचं काम करणारे कारागीर, विशेषतः बनारसचे, जगभरातल्या सैन्यांसाठी बॅज करत आलेत. त्यामुळे ‘भारतात केलेला, म्हणून नक्कल’ हे जे ऐकू येतं ते साफ खोटं आहे. अधिकाऱ्यानं स्वतःच्या मेस ड्रेससाठी (समारंभी जेवणाच्या गणवेशासाठी) करून घेतलेला जरीचा बॅज अस्सलच असतो.

चांदीची तार काळी पडते, ते गंधकामुळे. धातूचं पॉलिश लावू नका. ते तारेच्या वेटोळ्यात अडकतं, खालचं कापड खातं आणि काळेपणा आणखी असमान होतो. मऊ कुंचल्यानं धूळ झटकली, तेवढंच केलं.

१८ फेब्रुवारी

फोटो. हिरव्यावर काळा दोरा समोरच्या उजेडात सपाट डाग दिसतो. दिवा एका बाजूला, जवळजवळ टेबलाच्या पातळीवर ठेवल्यावर प्रत्येक टाका उठला. समोरून एक, मागून एक, कडेचा एक, सोबत पट्टी. पंखांची मापं टोकापासून टोकापर्यंत, मिलिमीटरमध्ये.

साठवण: पीव्हीसीची पाकिटं सगळी काढली, ती घाम सोडतात आणि दोऱ्याला चिकटतात. त्याऐवजी आम्लरहित कागद आणि पॉलिप्रोपिलीनची पाकिटं. लोकरी पाठ असलेल्यांपैकी एकावर कसरीची अळी दिसली, तेव्हा लोकरी ढीग हवाबंद पिशव्यांत घालून उणे १८ अंशांवर दोन आठवड्यांसाठी ठेवला. बाहेर काढल्यावर पिशवी खोलीच्या तपमानाला येईपर्यंत उघडायची नाही, नाहीतर दव आत बॅजवर बसतं.

५ मार्च

लोकरी ढीग बाहेर काढून पुन्हा तपासला. त्यातच लुफ्तवाफंचा, म्हणजे नाझी जर्मनीच्या हवाई दलाचा, छत्रीधारी सैनिकांचा कापडी बॅज आहे, पानांच्या कड्यात झेपावणारा गरुड, निळसर राखाडी लोकरीवर. मूळ बॅज नोव्हेंबर १९३६ मध्ये सुरू झाला. याच्या कापडी आवृत्तीच्या नकला ढिगानं आहेत. हा अतिनील दिव्याखाली अंधारा, दोरा पॉलिएस्टर नाही, टाका हातानं फिरवलेल्या मशीनचा, दुमडीत रंग ताजा, शिवणीची भोकं आहेत. एकही परीक्षा तो हरला नाही. नोंद अशी केली:

‘दिसलेलं: वरीलप्रमाणे. नंतरचा घटक सापडला नाही. सांगितलेलं: क्रीट, १९४१. याच्या आधीचा नाही: १९३६. अस्सल असल्याचा पुरावा: नाही.’

अल्बम बघायला आलेल्या एकानं हा शेवटचा शेरा काढून टाकायला सांगितलं, त्यानं भाव पडतो म्हणून. शेरा ठेवलाय. पुढच्या माणसाकडे हा गरुड जाईल तेव्हा त्याच्याकडे कदाचित जास्त चांगली परीक्षा असेल, आणि आपण काय पाहिलं आणि काय फक्त ऐकलं हे त्याला वेगळं मिळायला हवं.

डब्यातले कॅनेडियन बाकी आहेत. तिथं मेपलचं पान पांढरं की लाल यावर जवान पॅराशूट युनिटमध्ये होता की नुसता पात्र होता हे कळतं, आणि पिवळट पडलेला पांढरा व फिका झालेला लाल दोरा वेगळा ओळखायला तिरपा उजेड आणि भिंग दोन्ही लागणार आहेत. ते उद्यापासून.